पाणथळ जमिनीचें उंच गवत : अमेरिकेंतील प्रेअरी कॉर्डग्रास

आपल्याकडील बहुतेक शेतकऱ्यांच्या ताब्यांत एखादा तरी असा तुकडा असतो कीं, जेथें पावसाळ्यांत पाणी सांचून राहतें, वाफसा लवकर येत नाहीं, आणि पेरलेलें बीं एक वर्ष उगवलें तर दोन वर्षें कुजून जातें. अशा तुकड्याचें काय करावें हा प्रश्न जुनाच आहे. कोणी चर खणतो, कोणी भर घालतो, कोणी कंटाळून तो पडीत टाकतो. हाच प्रश्न उत्तर अमेरिकेच्या मध्यभागांतील शेतकऱ्यांपुढें फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. त्यांनीं तो एका रीतीनें सोडविला, त्यापासून अपार लाभ करून घेतला, आणि त्या लाभाची किंमत काय पडली हें त्यांच्या नातवांपणतवांस आतां समजूं लागलें आहे. या सर्व हकीकतीच्या मध्यभागीं एक गवत आहे. त्याची ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

संयुक्त संस्थानांपैकीं इलिनॉय, आयोवा, मिनेसोटाचा दक्षिण भाग आणि नेब्रास्का व कॅन्सस यांचा पूर्व भाग हा सर्व मुलूख दोनशें वर्षांपूर्वीं बहुतेक सलग गवताळ मैदान होता. झाडें काय तीं नदीकांठीं. या मैदानास तेथें ‘प्रेअरी’ म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच असून त्याचा अर्थ कुरण असा आहे. परंतु आपलें माळरान डोळ्यांपुढें आणून या प्रदेशाची कल्पना करूं नये. आपल्या माळावर खडक वर आणि माती बोटभर. तेथें काळी, भुसभुशीत माती हात दोन हात खोल, आणि ओलाव्याच्या जागीं गवत इतकें उंच कीं त्यांत उभा माणूस दिसेनासा व्हावा. अशा उंच गवताच्या प्रेअरीपैकीं आज शेंकडा ४ हूनही कमी भाग शिल्लक राहिला आहे. बाकी सर्व नांगराखालीं गेला.

हा प्रदेश दिसण्यास सपाट, पण पाण्याच्या दृष्टीनें सारखा नव्हता. हजारों वर्षांपूर्वीं या भागावर बर्फाचे प्रचंड थर सरकत येऊन वितळले. त्यांनीं आणलेली माती पसरली, परंतु ठिकठिकाणीं उथळ खळगे राहून गेले. विशेषतः आयोवाच्या उत्तर-मध्य भागांत पाण्यास वाहून जाण्यासाठीं ओढेनाले पुरते तयारच झालेले नव्हते. हिम वितळलें कीं या खळग्यांतून पाणी उभें राही, आणि उन्हाळा चढत जाई तसतसें तें जिरून वा वाळून जाई. अशा ओलसर खोलगट जागेस तेथील लोक ‘स्लू’ म्हणत.

स्लूच्या मधोमध, जेथें पाणी सहसा आटत नाहीं, तेथें पाणकणीस व लव्ह्याच्या जातीच्या वनस्पती असत. त्यांच्या बाहेरच्या कडेस, जेथें वसंतांत पाणी उभें राहतें पण भर उन्हाळ्यांत जमीन उघडी पडते, तेथें एकाच गवताचा दाट पट्टा असे. तेंच आमचें प्रस्तुत गवत, प्रेअरी कॉर्डग्रास. त्याच्याहून थोडें उंचावर स्विचग्रास, त्याहून वर बिग ब्लूस्टेम, आणि कोरड्या टेकाडांवर आंखूड जातीचें लिट्ल ब्लूस्टेम. जमिनीची उंची दोन चार फुटांनीं बदलली कीं गवत बदललें. जाणत्या माणसास गवत पाहूनच खालच्या पाण्याचा अंदाज येई, आणि बैलगाडी कोणत्या जागीं रुतेल हें त्यास चाक घालण्यापूर्वींच कळे. आपल्याकडेही लव्हाळा कोठें माजतो आणि कुसळी कोठें येते यावरून जुने लोक जमिनीची परीक्षा करतात, तसाच हा प्रकार होय.

आतां गवताकडे वळूं. वनस्पतिशास्त्रांत यास बरींच वर्षें ‘स्पार्टिना पेक्टिनाटा’ या नांवानें ओळखीत. पेक्टेन म्हणजे लॅटिन भाषेंत फणी. याच्या तुऱ्याच्या फांद्यांवर एकाच बाजूस दाटीनें बसलेलीं कणसुलीं फणीच्या दांतांप्रमाणें दिसतात म्हणून हें नांव. २०१४ सालीं शास्त्रज्ञांनीं या वंशाची नव्यानें छाननी करून त्यास ‘स्पोरोबोलस’ या मोठ्या वंशांत घातलें. या वंशांतील कांहीं लहान गवतें आपल्याकडेही उगवतात. आपली हरळी व आपली नाचणी ज्या उपकुळांत मोडतात त्याच उपकुळांतील हें गवत असल्यामुळें नात्यानें तें आपणांस अगदींच परकें नाहीं. व्यवहारांत मात्र त्यास नांवें अनेक. कॉर्ड म्हणजे दोर. पातें चिवट म्हणून कॉर्डग्रास. स्लूंत उगवतें म्हणून स्लू-ग्रास. आणि कापणीस जाणाऱ्या मजुरांनीं दिलेलें नांव ‘रिपगट’, म्हणजे आपल्या भाषेंत पोटफाड्या! पात्याच्या दोन्ही कडांस करवतीसारखे बारीक दांते असतात. टोकाकडून बुडख्याकडे हात ओढला तर तळवा चिरलाच म्हणून समजावें.

गवत बहुवर्षायु असून ५ ते ८ फूट, आणि चांगल्या जागीं त्याहूनही उंच वाढतें. पातीं दोन तीन फूट लांब, अर्धा बोट रुंद, टोकास चाबकासारखीं निमुळतीं व खालीं वांकलेलीं. उन्हाळ्याच्या उत्तरार्धांत तुरे येतात. थंडी पडूं लागली कीं सबंध पट्टा पिवळा सोनेरी होतो. मका व ज्वारी यांप्रमाणें हें उष्ण हंगामाचें गवत आहे, तरी त्यांच्यासारखें थंडीला भिणारें नाहीं. वसंताच्या आरंभीं, इतर उष्ण हंगामी गवतें निजलेलीं असतां, याचे कोंब जमिनीबाहेर येतात.

परंतु याचें खरें बळ जमिनीखालीं आहे. हळदीप्रमाणें याचें खोड जमिनींत आडवें पसरतें; मात्र तें जाड, लांकडासारखें कठीण व टोकाशीं अणकुचीदार असतें. हीं खोडें एकमेकांत गुंतून अशी जाळी विणतात कीं तींत दुसऱ्या वनस्पतीस शिरकाव मिळणें कठीण. वर दाट सावली आणि खालीं ही जाळी. त्यामुळें एकदां जम बसलेल्या पट्ट्यांत तण असें फारसें राहतच नाहीं. या जाळीपासून मुळें सरळ खालीं जातात. लिंकन येथील नेब्रास्का विद्यापीठांत जॉन वीव्हर (१८८४–१९६६) नांवाचे प्राध्यापक होते. त्यांनीं आपलें बहुतेक आयुष्य गवतांचीं मुळें मोजण्यांत घालविलें. पद्धत अगदीं साधी व अंगमेहनतीची. गवताच्या शेजारीं माणसाहून खोल चर खणावा, आणि चराच्या भिंतीची माती लहान हत्यारानें हळूहळू उकरीत प्रत्येक मूळ टोकापर्यंत उघडें करावें. १९१९ व १९२० सालीं या विषयावर त्यांचे ग्रंथ निघाले. कॉर्डग्रासचीं मुळें ८ ते १० फूट व कांहीं ठिकाणीं त्याहूनही खोल गेलेलीं त्यांस आढळलीं.

येथें वाचकांस एक शंका येईल. पाण्यांत उभ्या राहणाऱ्या गवतास इतक्या खोल मुळांचें प्रयोजन काय? उत्तर स्लूच्या स्वभावांतच आहे. वसंतांत तेथें गुडघाभर पाणी, तर श्रावणाच्या सुमारास तीच जमीन वाळून तिला भेगा पडलेल्या. जें झाड नुसतें पाण्याचें तें दुसऱ्या अवस्थेंत मरतें, आणि जें नुसतें कोरड्याचें तें पहिल्या अवस्थेंत गुदमरतें. कॉर्डग्रासच्या अंगांत भाताच्या मुळांत असतात तशा हवेच्या पोकळ्या असल्यामुळें चिखलांतही त्याचीं मुळें श्वास घेऊं शकतात. आणि पाणी उतरल्यावर तीं खोल गेलेलीं मुळें त्यास तारतात. पाणी कायमचें खोल राहील तेथें मात्र तें टिकत नाहीं; ती जागा पाणकणसाची. क्षार सोसण्याची शक्तिही त्यांत बरीच आहे. त्याचे सोयरे समुद्रकांठच्या खाजणांत वाढतात, आणि हें स्वतः नदीकांठच्या खारवट जमिनींतही तग धरतें.

या गवताचा उपयोग गोऱ्या लोकांच्या आधींपासून चालत आला होता. मिसूरी नदीच्या खोऱ्यांतील मूळ रहिवाशांचीं कायमच्या वस्तीचीं घरें मातीनें शाकारलेलीं असत. लांकडी सांगाड्यावर आधीं या गवताचा थर पसरून त्यावर माती घालीत, म्हणजे माती गळत नसे. मेल्विन गिलमोर यांनीं १९१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या त्या लोकांच्या वनस्पति-उपयोगाच्या ग्रंथांत ही गोष्ट नमूद आहे.

पुढें १८६२ च्या कायद्यानें प्रत्येक कुटुंबास १६० एकर जमीन मिळूं लागली, तेव्हां हजारों लोक या उघड्या मैदानांत येऊन राहिले. घराला लांकूड नाहीं, चुलीला सरपण नाहीं. त्यांनीं मुळांसकट जमिनीचे सलग पट्टे नांगरून काढले, त्यांच्या विटा कापल्या, आणि त्यांचींच घरें रचलीं. मुळांची जाळी दाट तितकी वीट मजबूत, म्हणून स्लूच्या कांठच्या जमिनीस मागणी असे. गंजीवर शेवटचा थर याच गवताचा घालीत; कारण त्याचीं लांब ताठ पातीं पावसाचें पाणी कौलाप्रमाणें बाहेर टाकतात. आमच्या कोंकणांतील वाचकांस पेंढ्याच्या व गवताच्या शाकारणीची कल्पना आहेच.

सरपणाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १८८० च्या आक्टोबरापासून १८८१ च्या वसंतापर्यंत डाकोटा प्रांतांत हिमवादळें इतकीं लागोपाठ झालीं कीं आगगाड्या महिनोंमहिने बंद पडल्या. कोळसा संपला. तेव्हां लोकांनीं स्लूचें वाळलेलें गवत हातांनीं पिळून त्याच्या घट्ट कांड्या केल्या व त्या चुलींत घातल्या. एक कांडी कांहीं क्षणांत जळून जाई, म्हणून घरांतील एक माणूस दिवसभर कांड्या पिळीत बसलेला असे. त्या हिवाळ्यांत लहान असलेल्या लॉरा इंगल्स वाइल्डर या बाईंनीं पुढें १९४० सालीं ‘द लाँग विंटर’ हें पुस्तक लिहिलें. त्यांत हें सर्व वर्णन आलें आहे.

चाऱ्याच्या दृष्टीनें या गवताविषयीं आमचें मत मध्यम आहे. कोंवळें असतां कापलें तर गुरें तें खातात, वाळवणही बरें होतें आणि वजन भरपूर मिळतें. तुरा येईपर्यंत थांबलें कीं पातें राठ होतें व जनावर तोंड फिरवितें. म्हणून तेथील शेतकरी तें लवकर व हंगामांत एकाहून अधिक वेळां कापीत. मारवेलीसारख्या गोड गवताच्या पंक्तीस तें बसत नाहीं. परंतु ज्या जागीं दुसरें कांहींच येत नाहीं त्या जागचें उत्पन्न म्हणून पाहिलें तर त्याची किंमत कळते.

इतकें उपयोगी गवत नाहींसें कां झालें? गवत नको झालें असें नव्हे. त्याच्या खालची माती हवी झाली. शतकानुशतकें गवताचीं मुळें ओलांत हळूहळू कुजून ती माती काळीभोर झाली होती. अडचण काय ती पाण्याची. १८३५ नंतर न्यूयॉर्क संस्थानांत जिनिव्हा गांवाजवळ जॉन जॉन्स्टन नांवाच्या मूळच्या स्कॉटिश शेतकऱ्यानें आपल्या मायदेशाहून नमुना मागवून भाजक्या मातीच्या नळ्या करविल्या व शेतांत पुरल्या. शेजारी हंसले. पुढें त्याचें गव्हाचें पीक पाहून तेच शेजारी नळ्या मागूं लागले. १८५० च्या कायद्यानें दलदलीची सरकारी जमीन, तिचा निचरा करून ती लागवडीस आणावी म्हणून, अनेक संस्थानांच्या हवालीं करण्यांत आली. मग प्रेअरींतही नळ्यांचे कारखाने निघाले, शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन निचऱ्याचे मंडळ स्थापिले, वर्गणी बसविली, आणि प्रत्येक शेताच्या पोटांतून नळ्यांचें जाळें काढून तें मोठ्या चरांस व चर नदीस जोडले.

या उद्योगास आज कोणी वेडेपणा म्हणूं लागले आहेत; तो अन्याय होय. स्लूच्या कांठीं हिवतापानें घरेंच्या घरें अंथरुणास खिळत असत, तो ताप निचऱ्यानें हटण्यास मोठें साहाय्य झालें. ज्या जमिनींत गाडी रुतत होती तींतून जगांतील उत्तम मका निघूं लागला. इलिनॉय संस्थानानें २००१ सालीं जिला आपली ‘संस्थानाची माती’ म्हणून मान दिला ती ड्रमर नांवाची माती ओल्या प्रेअरीखालींच तयार झालेली आहे. तिचें क्षेत्र १५ लाख एकरांहून अधिक असून तींतील बहुतेक आज नळ्यांवर उभें आहे. शेतकऱ्यानें कष्ट केले आणि फळ मिळविलें, यांत निंदेचें काय आहे?

दोष असला तर तो थांबण्याची जागा न ओळखण्याचा. १७८० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंतच्या दोनशें वर्षांत इलिनॉयमधील पाणथळ जमिनींपैकीं शेंकडा ८५, आयोवांतील ८९ व ओहायोंतील ९० नष्ट झाल्या असा सरकारी हिशेब आहे. चांगली जमीन आधीं निघाली. पुढें पुढें, ज्या तुकड्याचा निचरा करूनही तीन वर्षांतून एकदांच पीक हातीं लागे तोही सोडला नाहीं. १९८५ च्या शेतकी कायद्यानें, नवी पाणथळ जमीन फोडून तींत पीक करणाऱ्यास सरकारी मदत बंद केली, तेव्हां कोठें या कामास लगाम बसला.

आतां या कामाचा परिणाम काय झाला तें सांगतों, कारण आमच्या बागाइतदार वाचकांशीं त्याचा संबंध आहे. मक्यास दिलेल्या खतांतील व मातींतील नत्राचा कांहीं भाग नायट्रेटच्या रूपानें पाण्यांत विरघळतो. पूर्वीं तें पाणी स्लूच्या चिखलांतून आणि गवताच्या मुळांतून वाट काढीत सावकाश जाई. तेथें दोन गोष्टी घडत. कांहीं नत्र गवत उचली, आणि उरलेल्यापैकीं बराच भाग हवा न मिळणाऱ्या चिखलांतील सूक्ष्म जंतु वायुरूप करून आकाशांत सोडीत. नळीनें ही सगळी वाट चुकविली. शेतांत शिरलेलें पाणी नळीवाटे थेट ओढ्यांत. आयोवाची राजधानी दे मॉइन हिला नदीचें पाणी प्यावें लागतें. तें पिण्याजोगें करण्यासाठीं तेथील पाणीपुरवठा संस्थेस १९९१-९२ च्या सुमारास नायट्रेट काढण्याचा खास कारखाना घालावा लागला, कारण सरकारी मर्यादा नत्राच्या मापानें दहा लाख भागांत १० भाग एवढीच आहे. २०१५ सालीं त्या संस्थेनें नदीच्या वरच्या अंगाच्या निचरा-मंडळांवर फिर्याद गुदरली. २०१७ सालीं ती निघाली, पण शहर आणि शेतकरी यांच्यांत जी तेढ पडली ती पडलीच. पुढें हें सर्व पाणी मिसिसिपी नदीनें मेक्सिकोच्या आखातांत जातें. तेथें त्या नत्रावर शेवाळ माजून कुजतें व पाण्यांतील प्राणवायु संपतो. २०१७ सालीं अशा निर्जीव पाण्याचा विस्तार ८,७७६ चौरस मैल भरला. शेतकऱ्याच्या खिशांतून गेलेलें खत समुद्रांत जाऊन मासे मारीत आहे, असा हा उफराटा व्यापार आहे.

अशा स्थितींत जुन्या गवतांची आठवण झाली. आयोवांतील सरकारी विद्यापीठानें २००७ सालीं एक प्रयोग मांडला. उताराच्या शेतांत मका व सोयाबीन नेहमींप्रमाणें घ्यावयाचें. फक्त शेंकडा १० जमीन काढून तिच्यावर, उतारास आडवे व पायथ्याशीं, प्रेअरीच्या मूळ गवतांचे व फुलझाडांचे पट्टे ठेवावयाचे. दहा वर्षांनीं, २०१७ सालीं, त्याचे आंकडे प्रसिद्ध झाले. शेतांतून वाहून जाणारें पाणी शेंकडा ३७ नें घटलें आणि माती पूर्वींच्या वीसपट अडून राहिली. १० टक्के जमीन देऊन हा लाभ. सौदा वाईट नाहीं. २०१८ च्या शेतकी कायद्यानें अशा पट्ट्यांस सरकारी मोबदलाही मिळूं लागला. ज्या पट्ट्याचा भाग ओलसर असेल तेथें बियाण्याच्या मिश्रणांत कॉर्डग्रास घालतात. कारण इतर गवतें जेथें कुजतात तेथें हें बळावतें.

परंतु पृष्ठभागावरचें पाणी अडविणारा पट्टा जमिनीखालच्या नळीस काय करणार? ती तर त्याच्या खालून निसटते. यावरही एक तोड निघाली आहे, व ती आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटते. २०१० सालीं आयोवांतील बेअर क्रीक या ओढ्याकांठीं ती प्रथम अमलांत आली. निचऱ्याची नळी थेट ओढ्यांत न सोडतां, कांठच्या गवताच्या पट्ट्यापाशीं एक पेटी बसवून तिचें पाणी ओढ्याशीं समांतर पुरलेल्या सच्छिद्र नळींत वळवितात. तेथून तें मुळांनीं भरलेल्या मातींतून पाझरत ओढ्यास मिळतें. पूर जास्त झाला तर पेटींतून जादा पाणी सरळ निघून जातें, त्यामुळें शेत तुंबत नाहीं. निचरा राहिला, पीक राहिलें, आणि स्लूचें जुनें काम ओढ्याच्या कांठीं एका अरुंद पट्ट्यांत पुन्हां सुरू झालें.

गवताची लागवड मात्र सोपी नाहीं. बीं धरतें थोडें, त्यांत कीड पडते, आणि थंड ओलाव्यांत कांहीं काळ ठेवल्याशिवाय तें नीट उगवत नाहीं. म्हणून पुष्कळ ठिकाणीं जमिनीखालील खोडाचे तुकडे किंवा त्यांपासून तयार केलेलीं रोपें लावतात. पहिल्या वर्षीं तण काढून द्यावें लागतें. दोन तीन वर्षांनीं जाळी बसली कीं मग तेंच तणास पुरें पडतें. इलिनॉय विद्यापीठानें व दक्षिण डाकोटाच्या विद्यापीठानें याच्या निवडक जाती तयार केल्या आहेत; इलिनॉयच्या एकीचें नांव सॅव्हॉय. पडीत व खारवट ओल्या जमिनींतून जळणाचें गवत काढावें, व त्यासाठीं मक्याची जमीन अडवूं नये, असा त्यांचा हेतु आहे.

हें वाचून कोणी उत्साही बंधु या गवताचें बीं मागविण्याच्या विचारांत पडले असल्यास त्यांस आम्ही स्पष्टपणें नको असें सांगतों. पहिलें कारण, हें गवत ज्या मुलखांतील आहे तेथें हिवाळ्यांत जमीन गोठते. आपला उन्हाळा व आपले दिवसमान त्याच्या अंगवळणीं पडलेलें नाहीं. दुसरें कारण याहून वजनदार आहे. या गवताचे सोयरे परमुलखांत जाऊन काय करतात याचे दाखले ताजे आहेत. समुद्रकांठची अमेरिकन जात इंग्लंडांत साउदॅम्प्टनच्या खाडींत पोंचली, तेथील देशी जातीशीं तिचा संकर झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक नवीच जात जन्मून तिनें खाजणें व्यापून टाकलीं. चीननें तीच अमेरिकन जात १९७९ सालीं किनारा सांवरण्यासाठीं मुद्दाम आणली. आज ती उपटून काढण्यासाठीं तेथें मोठा खर्च चालू आहे. आणि इतक्या लांब कशाला? पुण्यास १९५५-५६ च्या सुमारास नजरेस आलेलें गाजरगवतही अमेरिका खंडांतलेंच. त्याची ओळख आमच्या वाचकांपैकीं कोणास करून द्यावयास नको. शिवाय २००३ च्या वनस्पति-विलगीकरणाच्या आदेशाप्रमाणें परदेशी बीं परवान्यावांचून आणतांही येत नाहीं.

घ्यावयाचें तें गवत नव्हे, त्याची जागा. कृष्णाकांठीं शिरोळ, मिरज, वाळवें या तालुक्यांतून पाटपाण्याच्या अतिरेकानें जमिनी क्षारपड झाल्या आहेत, आणि तेथें शेतकरी आतां सच्छिद्र पाइप पुरून भूमिगत निचरा करीत आहेत. तें काम अवश्य व्हावें. पण पाइपाचें तोंड नाल्यांत सोडण्यापूर्वीं त्या नाल्याच्या कांठीं काय उभें आहे हें पाहावें. बहुतेक ठिकाणीं ऊस अगदीं काठापर्यंत नेलेला असतो, आणि गवताला पाय टेकावयास जागा नसते. दहा पंधरा फुटांचा पट्टा सोडला तर उसाचे दोन चार सरे जातील, हें खरें. परंतु नाल्याच्या कडेचे सरे दर पुरांत कितपत हातीं लागतात याचा हिशेब ज्यानें त्यानें आपल्या वहींत पाहावा.

त्या पट्ट्यासाठीं आपल्याकडे वाळा आहे. नदीनाल्यांच्या ओलसर कांठीं तो मूळचाच उगवतो, पुरुषभर उंच होतो, पाण्यांत कांहीं काळ बुडाला तरी मरत नाहीं, व क्षारही बराच सोसतो. त्याचीं मुळें सरळ खालीं दहा फूट व अधिक जातात आणि पसरून शेजारच्या पिकास त्रास देत नाहींत. बांध धरून ठेवण्यासाठीं म्हैसूरकडील शेतकरी तो पूर्वींपासून लावीत आले. १९८० नंतर जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनीं तो पाहून इतर देशांत नेला. उत्तर हिंदुस्थानांतील रानटी वाळ्यास बीं धरतें, दक्षिणेकडील लागवडीच्या वाळ्यास सहसा धरत नाहीं. म्हणून ठोंब आणतांना दक्षिणेकडील घ्यावे, म्हणजे तो शेतांत पसरण्याची भीति नाहीं. पावसाळा लागतांच एक ठोंब फोडून दोन तीन फुटव्यांचे चूड वितीच्या आंत अंतरावर एका ओळींत लावावे, पहिल्या वर्षीं गुरें दूर ठेवावीं, आणि पुढें दरसाल शेंडे छाटावे म्हणजे फुटवे दाट येतात. कोंवळीं पातीं गुरें खातात. राठ झालेलीं शाकारणीस व आच्छादनास उपयोगी पडतात. एवढें मात्र सांभाळावें कीं, वाळ्याच्या मुळांना अत्तरासाठीं व पडद्यांसाठीं बाजारांत भाव आहे, आणि तो ऐकून कोणी नाल्याच्या कांठचा वाळा खणूं लागेल. मुळांकरितां लावावयाचा असेल तर तो निराळ्या वाफ्यांत लावावा. कांठावरच्या ओळीस कुदळ लावूं देऊं नये.